दिल्लीची हवा आणि शाळेची घंटा

१७ नोव्हेंबर २०२४ रोजी रविवार होता. त्या दिवशी दुपारी चार वाजता दिल्लीचा वायुगुणवत्ता निर्देशांक ४४१ होता. सायंकाळी सात वाजता तो ४५७ झाला. ४५० ही शेवटच्या टप्प्याची सीमारेषा. ती ओलांडली गेली आणि वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने आपल्या योजनेतील चौथा व अखेरचा टप्पा सोमवारी सकाळी आठ वाजल्यापासून लागू केला. रात्री दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्री आतिशी यांनी जाहीर केले, की दहावी व बारावी वगळता सर्व इयत्तांचे वर्ग दुसऱ्या दिवसापासून दूरस्थ पद्धतीने भरतील. सोमवारी निर्देशांक ४९४ वर जाऊन पोहोचला. हा आकडा ५०० पर्यंतच मोजण्याची पद्धत आहे, म्हणजे मोजपट्टी संपायला सहाच अंक उरले होते. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दहावी-बारावीचे वर्गही बंद करावयास सांगितले.

रविवारी रात्री दप्तर भरून, गणवेश खुंटीला लावून झोपी गेलेल्या मुलाचे सोमवारी काय झाले, हा या व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. हवा विषारी असेल तर शाळा बंद करावी, यात वाद घालण्याजोगे काय आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु शाळा बंद करणे म्हणजे नेमके काय काय बंद करणे, याचा हिशेब मांडू लागले की एकेक गाठ उलगडण्याऐवजी घट्ट होत जाते.

निसर्गाच्या लहरीप्रमाणे शाळेचे वेळापत्रक बेतणे ही भारतात नवी गोष्ट नव्हे. विदर्भातील उन्हाळा लक्षात घेऊन तेथील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर काही दिवसांनी उघडतात. २०२४ मध्ये इतरत्र जूनच्या मध्याला शाळा भरल्या, तर विदर्भात १ जुलैला. मुंबईत अतिवृष्टीचा इशारा मिळाला की महानगरपालिका सुटी जाहीर करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मुले रात्रभर शाळांतच अडकून पडली. त्या रात्रीचा धडा मुंबईच्या प्रशासनाच्या मनातून अद्याप गेलेला नाही. दिल्लीच्या शालेय पंचांगातही दोन ऋतूंची व्यवस्था पूर्वीपासून होती. मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत उन्हाळ्याची दीर्घ सुटी आणि जानेवारीच्या आरंभी कडाक्याच्या थंडीची सुटी. या दोन्ही सुट्या ऋतुमानाला धरून होत्या आणि पालकांना त्या वर्षभर आधी ठाऊक असत. लग्नकार्ये, गावी जाणे, आजोळी राहणे हे सारे त्यांच्या आधाराने ठरत असे.

नोव्हेंबर महिना मात्र या पंचांगात अभ्यासाचा महिना होता. पावसाळा सरलेला, उन्हाळा दूर, थंडी नुकती कोठे सुरू झालेली, दिवाळी आटोपलेली. शाळेच्या दृष्टीने याहून अनुकूल काळ उत्तर भारतात क्वचितच सापडावा. तोच महिना आता सर्वांत अनिश्चित झाला आहे.

याचे कारण आकाशात आहे तसेच जमिनीवरही आहे. थंडीच्या सुरुवातीस वारा पडतो. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. मोटारींचा धूर, कारखान्यांची धुराडी, बांधकामांची व रस्त्यांची धूळ, उघड्यावर जाळला जाणारा कचरा हे वर्षभराचे उत्सर्जन त्या झाकणाखाली कोंडून राहते. त्यातच पंजाब व हरियाणातील शेतकरी भातकापणीनंतरचे धसकट, ज्याला तिकडे ‘पराली’ म्हणतात, ते गव्हाच्या पेरणीसाठी रान मोकळे करण्याच्या घाईत जाळतात आणि वाऱ्याची दिशा वायव्येकडची असेल तर तो धूरही येऊन मिळतो. दिवाळीचे फटाके याच सुमारास वाजतात. धुके आणि धूर यांच्या या मिश्रणाला मराठीत ‘धुरके’ हा सार्थ शब्द आहे.

मुलांना या हवेचा उपद्रव मोठ्या माणसांपेक्षा अधिक होतो. मूल आपल्या वजनाच्या मानाने अधिक हवा आत घेते, अधिक धावते आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वतीने कलकत्त्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील ३६ शाळांतील अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची तपासणी केली. त्यांपैकी शेकडा चाळीसहून अधिक मुलांच्या फुप्फुसांची कार्यक्षमता कमी आढळली. ही मुले रुग्णालयातून निवडलेली नव्हती. ती रोज शाळेत येणारी, प्रार्थनेला उभी राहणारी, मधल्या सुटीत खेळणारी मुले होती. हा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला. धुरक्यामुळे दिल्लीतील शाळा सरसकट बंद ठेवण्याचा प्रसंग त्यानंतर काही वर्षांनी आला.

२०१६ साली दिवाळी ३० ऑक्टोबरला होती. पुढील आठवडाभर शहरावर जे धुरके पसरले, ते हटेना. ५ नोव्हेंबरला, शनिवारी, दिल्लीतील तिन्ही महानगरपालिकांनी आपल्या सतराशेहून अधिक शाळा एक दिवस बंद ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी सर्वच शाळा तीन दिवस बंद राहतील असे जाहीर केले. बांधकामे थांबविण्यात आली, बदरपूरचे औष्णिक वीजकेंद्रही काही दिवस बंद ठेवण्यात आले. हे सारे निर्णय ऐनवेळचे होते. कोणत्या आकड्याला काय करावयाचे, याचा लेखी नियम त्या दिवशी कोणाच्याही टेबलावर नव्हता.

तो नियम लवकरच आला, तोही न्यायालयाच्या मार्गाने. दिल्लीच्या हवेसंबंधी वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयात त्यानंतर कित्येक वर्षे चालत राहिली. भारतीय न्यायव्यवस्थेतील दीर्घायुषी प्रकरणांत तिची गणना व्हावी. याच प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने श्रेणीबद्ध कृती योजनेस मान्यता दिली आणि जानेवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने ती अधिसूचित केली. ‘ग्रॅप’ या आद्याक्षरी नावाने ती दिल्लीत घरोघरी ठाऊक आहे. पहिलीतल्या मुलालाही ग्रॅपचा तिसरा टप्पा लागला म्हणजे काय, हे कळते. हवा जसजशी बिघडेल तसतशी निर्बंधांची पायरी वर चढत जावी, असा योजनेचा गाभा आहे. पूर्वी निर्बंध लागू होण्यासाठी हवा अमुक इतके तास वाईट राहण्याची वाट पाहावी लागे. २०२२ च्या सुधारणेनंतर हवामानाच्या अंदाजावरून आगाऊ पाऊल उचलता येते.

हा अंदाज कोठून येतो, हे मराठी वाचकांना सांगण्याजोगे आहे. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने दिल्लीसाठी वायुगुणवत्तेची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभारली आणि २०१८ पासून ती वापरात आहे. त्यापूर्वी २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने याच संस्थेने ‘सफर’ नावाची यंत्रणा सिद्ध केली होती. वारा किती वेगाने वाहील, हवेचा मिसळणारा थर किती उंच राहील, धूर कोणत्या दिशेने येईल यांची गणिते तेथे केली जातात आणि ग्रेटर कैलासमधील एखाद्या बालवर्गाला उद्या सुटी की नाही, याचा निकाल काही अंशी त्या गणितांवर ठरतो.

आता निर्णयाची साखळी पाहू. केंद्रीय मंडळ रोज दुपारी चार वाजता मागील चोवीस तासांची सरासरी प्रसिद्ध करते. ती पाहून आयोगाची उपसमिती बैठक घेते आणि आदेश काढते. आदेश निघाला तरी शाळा आयोगाच्या अखत्यारीत नसतात. प्रत्यक्ष शाळा बंद करण्याचा हुकूम राज्य सरकारांनी द्यावयाचा असतो. येथे राजधानी परिसराची गुंतागुंत समोर येते. खुद्द दिल्लीत एक शिक्षण संचालनालय, प्राथमिक शाळा चालविणारी महानगरपालिका, नवी दिल्ली नगरपरिषद आणि छावणी मंडळ, असे वेगवेगळे धनी आहेत. यमुनेपलीकडे नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात मोडतात आणि तेथील निर्णय जिल्हाधिकारी घेतात. गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणात आहेत. तेथे उपायुक्तांचा शब्द चालतो. हवेला या सीमा मान्य नाहीत. पण सुटीच्या हुकमाला त्या पदोपदी आडव्या येतात. आई गुरुग्रामला शिक्षिका, मुलगा दिल्लीच्या शाळेत आणि घर गाझियाबादला, असे कुटुंब या महानगरात मुळीच दुर्मिळ नाही. त्या घरी एकाच सायंकाळी तीन सरकारांच्या तीन आदेशांची वाट पाहिली जाते.

एवढे सोपस्कार होईतो रात्र पडते. मग मुख्याध्यापक शिक्षकांना कळवितात, शिक्षक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात आणि ज्या पालकाचा भ्रमणध्वनी बंद पडलेला असतो, तो सकाळी मुलाला घेऊन शाळेच्या फाटकाशी येतो. दिल्लीतील बऱ्याच सरकारी शाळा दोन पाळ्यांत चालतात, सकाळी मुली व दुपारी मुलगे. तेव्हा एकाच इमारतीत दोन मुख्याध्यापकांना हा निरोप दोनदा फिरवावा लागतो.

२०१६ नंतरचा इतिहास तपशीलवार सांगण्याचे कारण नाही, कारण तो पुनरावृत्तीचा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शाळा काही दिवस बंद राहिल्या. १ नोव्हेंबर २०१९ रोजी पर्यावरण प्रदूषण प्राधिकरणाने सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी घोषित केली. शाळा बंद झाल्या आणि त्याच महिन्यात पुन्हा एकदा झाल्या. २०२० साली महामारीने सर्व शाळांना टाळे लावले. २०२१ मध्ये महामारीनंतर पुरती उघडू पाहणारी शाळा १५ नोव्हेंबरपासून धुरक्यामुळे मिटली, २९ नोव्हेंबरला उघडली आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ माणसे घरून काम करीत असता तीन-चार वर्षांची मुले शाळेत का जात आहेत, अशी पृच्छा केल्यावर ३ डिसेंबरपासून पुन्हा मिटली. न्यायालयाची ही पृच्छा त्या वेळी सर्वांना पटली होती. तीन वर्षांनी त्याच न्यायालयापुढे प्रश्नाची दुसरी बाजू यावयाची होती.

मध्यंतरी २०२३ साली जे घडले, ते मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी ३ नोव्हेंबरपासून प्राथमिक वर्ग बंद होते. हवा सुधारेना, तेव्हा दिल्ली सरकारने एक युक्ती योजली. जानेवारीतील थंडीच्या सुटीतून दिवस उचलून ते ९ ते १८ नोव्हेंबर या काळात देऊन टाकले. हिशेब चोख होता. शाळेचे दिवस बुडाले नाहीत, सुटीचे दिवस वाढले नाहीत. मात्र थंडीने हा हिशेब वाचलेला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये कापून टाकलेली सुटी ६ तारखेला संपत आली आणि नेमकी त्याच वेळी थंडी व धुके यांनी कहर केला. शिक्षण संचालनालयाने सुटी वाढविण्याचा आदेश काढला, तो काही तासांत मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी पाचवीपर्यंतचे वर्ग १२ जानेवारीपर्यंत बंद ठेवण्याचे जाहीर झाले. पुढे वर्ग भरू लागले तेव्हा सकाळी नऊपूर्वी शाळा भरवू नये, अशी अट घालण्यात आली. पेरणीचे बियाणे खाऊन दिवाळी साजरी करावी आणि मृगात हात चोळीत बसावे, तशातला हा प्रकार. दोष कोणा एका अधिकाऱ्याचा म्हणता येणार नाही. सुट्यांची संख्या ठरावीक आणि संकटांची संख्या वाढती असली की कोणत्याही हिशेबनिसाची हीच गत होते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. उन्हाळा, थंडी, सण, परीक्षा, निवडणुकीसाठी ताब्यात घेतलेल्या इमारती आणि आता धुरके, हे सारे वजा जाता ती संख्या गाठणे मुख्याध्यापकांना किती जड जात असेल, याची कल्पना करावी. जुलै २०२३ मध्ये तर पावसानेही आपला वाटा मागितला. ९ जुलैच्या सकाळपर्यंत चोवीस तासांत दिल्लीत १५३ मिलिमीटर पाऊस पडला, दुसऱ्या दिवशी शाळांना सुटी मिळाली. १३ जुलैला यमुनेची पातळी २०८.६६ मीटर झाली आणि १९७८ च्या पुरातील २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. नदीकाठच्या विस्थापितांना आश्रय देण्यासाठी काही शाळांच्या इमारती वापराव्या लागल्या. वर्गाच्या फळ्याखाली गाठोडी आणि बाकांवर निजलेली लेकरे, असे दृश्य त्या दिवसांत दिसले.

शाळा बंद ठेवूनही दिवस न बुडविण्याचा मार्ग म्हणून दूरस्थ शिक्षणाकडे पाहिले जाते. २०१६ मध्ये हा पर्याय कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. महामारीच्या दोन वर्षांत शिक्षकांनी तो नाइलाजाने आत्मसात केला. केंद्राचे ‘दीक्षा’ हे संकेतस्थळ, दूरदर्शनवरील शैक्षणिक वाहिन्या, भ्रमणध्वनीवर पाठविलेले गृहपाठ यांची सवय झाली. त्यामुळे पुढे हवा बिघडली की ‘शाळा बंद’ हा शब्द मागे पडून ‘वर्ग दूरस्थ’ हा शब्द पुढे आला. शब्द बदलला की वस्तू बदलल्यासारखी वाटते. प्रशासनाला दिवस मोजता येतो, पालकाला अपराधी वाटत नाही. परंतु एका खोलीत राहणाऱ्या पाचजणांच्या कुटुंबात एकच भ्रमणध्वनी असतो आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो, तेथे हा वर्ग कोठे भरतो?

हीच गोष्ट २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे स्पष्टपणे मांडली गेली. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्यापुढे सुनावणी होती. आठवड्यापूर्वी याच पीठाने बारावीपर्यंतचे सर्व वर्ग बंद करण्यास सांगितले होते. आता पालकांच्या वतीने जे सांगण्यात आले, त्याची न्यायालयाने दखल घेतली. शाळा व अंगणवाड्या बंद असल्याने मोठ्या संख्येने मुलांना मध्यान्ह भोजन मिळत नाही. अनेकांच्या घरी दूरस्थ वर्गाची सोय नाही. आणि पुष्कळ घरांत हवा शुद्ध करणारे यंत्र नाही, त्यामुळे घरी बसणे आणि शाळेत जाणे यांत हवेच्या दृष्टीने फरक उरत नाही. न्यायालयाने आयोगाला निर्बंधांचा फेरविचार करावयास सांगितले आणि त्याच सायंकाळी आयोगाने संमिश्र पद्धतीला मुभा दिली. शक्य तेथे प्रत्यक्ष आणि दूरस्थ असे दोन्ही वर्ग एकाच वेळी चालवावेत आणि कोणता मार्ग घ्यावयाचा, हे विद्यार्थ्याने व पालकाने ठरवावे.

या तीन कारणांपैकी शेवटचे कारण विशेष विचार करण्याजोगे आहे. मूल घरी असले म्हणजे सुरक्षित असते, हे गृहीतक शाळा बंद करणाऱ्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी असते. बंद खिडक्यांच्या, गाळणीयंत्र लावलेल्या सदनिकेबाबत ते खरेही आहे. पत्र्याच्या छपराखाली, रस्त्याला लागून असलेल्या खोलीत, जेथे दाराच्या फटीतून धूर येतो आणि थंडीसाठी बाहेर शेकोटी पेटते, तेथे पी.एम. २.५ नावाचे सूक्ष्म कण आतबाहेर असा भेद करीत नाहीत. त्यातून शाळा नसली की मूल घरात थोडेच बसते. ते गल्लीत खेळते. वर्गात बसलेले मूल निदान धावत तरी नसते.

भोजनाचा प्रश्न याहून उघड आहे. शिजविलेले अन्न शाळेत मिळण्याचा मुलांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने प्रस्थापित केला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यास वैधानिक आधार दिला. २०१५ चे नियम सांगतात, की शाळेच्या दिवशी अन्न देता आले नाही तर त्याऐवजी भत्ता द्यावा. धुरक्यामुळे प्रत्यक्ष वर्ग बंद आणि दूरस्थ वर्ग चालू, असा दिवस हा शाळेचा दिवस की सुटीचा? अभ्यासासाठी तो शाळेचा दिवस मोजला जात असेल, तर जेवणासाठीही तो मोजला जावयास हवा. दूरस्थ पद्धतीने गणित शिकविता येते. डाळभात पाठविता येत नाही. महामारीत कोरडा शिधा घरी देण्याची वाट एकदा चोखाळली गेली होती. आठवड्याभराच्या धुरक्यासाठी ती पुन्हा का उघडू नये, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

यात आणखी एक दुहेरी आघात आहे. तिसरा-चौथा टप्पा लागला की बांधकामे थांबतात. ज्या घरातील मुलाचे दुपारचे जेवण बंद होते, बहुधा त्याच घरातील आईबापांची रोजंदारीही त्याच दिवशी बंद होते. न्यायालयाने बांधकाम कामगारांना कल्याण उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता देण्याचे राज्यांना बजावले, ते यासाठीच. ज्यांच्या मोटारींनी हवा बिघडत नाही, ते हवेची किंमत आधी चुकवितात, ही गोष्ट येथे कोणत्याही आकडेवारीवाचून दिसते.

डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाने आपली योजना सुधारली. तिसऱ्या टप्प्यात पाचवीपर्यंतचे आणि चौथ्या टप्प्यात सहावी ते नववी व अकरावीचेही वर्ग संमिश्र पद्धतीने चालविणे दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतमबुद्धनगर येथे बंधनकारक ठरले. नियमाने निदान अनिश्चितता कमी झाली. तथापि डिसेंबर २०२५ च्या मध्याला चौथा टप्पा पुन्हा लागला, तेव्हा दिल्ली सरकारने बालवर्ग ते पाचवीचे प्रत्यक्ष वर्ग पूर्णपणे थांबविले. जेवणाचा व साधनांचा तोच युक्तिवाद पुन्हा न्यायालयात गेला. या वेळी हिवाळी सुटी जवळ आलेली होती आणि न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. त्याच महिन्यात सरकारने पहिल्या टप्प्यात दहा हजार वर्गखोल्यांत हवा शुद्ध करणारी यंत्रे बसविण्याचे जाहीर केले. वर्गखोलीच सुरक्षित करावी, हा विचार उशिरा का होईना पुढे आला. अर्थात यंत्राला बंद दारे लागतात, वीज लागते आणि त्याची गाळणी वेळोवेळी बदलावी लागते. सरकारी शाळेत नवे यंत्र येण्याची बातमी होते, गाळणी बदलल्याची कधी होत नाही.

परदेशांतही असे प्रयोग झाले आहेत. बीजिंगमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये प्रदूषणाचा पहिला लाल इशारा दिला गेला, तेव्हा तेथील शाळा तीन दिवस बंद राहिल्या. त्याआधीच तेथील एका आंतरराष्ट्रीय शाळेने क्रीडांगणांवर गाळलेली हवा खेळविणारे घुमट उभारले होते. ते ज्यांना परवडते त्यांच्यासाठी. न्यूयॉर्क शहराने हिमवर्षावाची पारंपरिक सुटी रद्द करून त्या दिवशी दूरस्थ वर्ग घेण्याचे ठरविले. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी हिमवादळात त्याची कसोटी लागली आणि सकाळी असंख्य विद्यार्थ्यांना व शिक्षकांना यंत्रणेत प्रवेशच मिळेना. साधनसंपन्न शहराची ही स्थिती असेल, तर मंगोलपुरीतील महानगरपालिका शाळेकडून फार अपेक्षा करणे रास्त होणार नाही. तेथे बर्फाच्या दिवशी मुले निदान गोळे करून खेळतात. धुरक्याच्या सुटीत खेळणेच वर्ज्य.

शाळा पूर्ण बंद आणि पूर्ण चालू यांच्या मध्ये आणखीही काही मार्ग आहेत, त्यांची चर्चा फारशी होत नाही. धुरक्याचा जोर रात्री व पहाटे सर्वाधिक असतो, कारण तेव्हा हवेचे झाकण सर्वांत खाली आलेले असते. ऊन चढले की थर उंचावतो आणि दुपारी हवा पुष्कळदा काहीशी सुसह्य होते. आजची सकाळची शाळा मुलांना नेमकी सर्वांत वाईट घटकेला बसथांब्यावर उभे करते. जानेवारी २०२४ मध्ये थंडीसाठी नऊची अट घालता आली, तर नोव्हेंबरात हवेसाठी दहाची का घालू नये? दोन पाळ्यांच्या शाळांत हे अवघड आहे, हे खरे. मैदानी खेळांचे सामने व स्नेहसंमेलने नोव्हेंबर-डिसेंबरातून काढून फेब्रुवारीत नेणे त्यामानाने सोपे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शालेय क्रीडास्पर्धा पुढे ढकलण्याचा विचार व्हावा असे सुचविले. आणि सुट्यांचे पंचांगच नव्याने मांडावयाचे, तर नोव्हेंबरातील दहा दिवस वर्षारंभीच राखून ठेवणे, जेणेकरून पालकांना ते आधी कळतील आणि त्या दिवसांचा शिधा आधी वाटता येईल, हेही अशक्य कोटीतले नाही.

तोवर संमिश्र वर्ग चालू आहे. तो कसा चालतो, हे पाहावयाचे असेल तर तिसऱ्या टप्प्यातील एखाद्या सकाळी चौथीच्या वर्गात डोकवावे. बाकांवर अर्धी मुले आहेत, काहींच्या तोंडावर मुखपट्ट्या आहेत. टेबलावर पुस्तकांच्या चवडीला टेकून शिक्षिकेचा भ्रमणध्वनी उभा केलेला आहे आणि त्यात उरलेल्या मुलांपैकी जी जोडली गेली, त्यांचे चिमुकले चेहरे दिसत आहेत. बाई फळ्याकडे वळल्या की भ्रमणध्वनीतल्यांना ऐकू येत नाही. भ्रमणध्वनीकडे वळल्या की बाकावरचे बोलू लागतात. अपूर्णांकांची बेरीज चालली आहे. हजेरीपटावर दोन रंगांच्या खुणा आहेत, एक समोर बसलेल्यांसाठी आणि एक घरून आलेल्यांसाठी. तिसऱ्या प्रकारची मुले, जी दोन्हीकडे नाहीत, त्यांच्या नावांपुढील चौकोन रिकामे आहेत. मधल्या सुटीत बाई ती नावे एका कागदावर उतरून घेतात आणि एकेका घरी दूरध्वनी लावू लागतात.